मस्कत ते मुंबई शिडाच्या बोटीने: सॅटेलाइट फोन घेऊ की नको?

उनाड_वारा | ११ नोव्हेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी मस्कतला नोकरीला आहे. इथल्या एका मित्राची ३८ फुटी शिडाची बोट आहे. मित्र ब्रिटिश, बोटीवर झेंडाही ब्रिटिश. जानेवारीत ती मुंबईला न्यायचा बेत आहे. आम्ही तिघं. अंतर साधारण साडेआठशे सागरी मैल. दिवसाला शंभर-सव्वाशे मैल धरले तर सात-आठ दिवस, वारा रुसला तर दहा. मला मस्कतच्या किनाऱ्यालगतचा अनुभव आहे, सलग इतके दिवस जमीन न दिसण्याचा नाही. मित्राला आहे.

प्रश्न असा. माझ्याकडे थुराया कंपनीचा सॅटेलाइट फोन आहे. वाळवंटात गाड्या घेऊन जातो तेव्हा नेतो, कधी दगा दिलेला नाही. घरची अट एकच आहे: "रोज एकदा आवाज ऐकव, मग कुठे जायचं ते जा." (अट बायकोची, अनुमोदन आईचं.) मी म्हटलं फोन आहेच, प्रश्न मिटला. पण परवा एका ओळखीच्यांनी सांगितलं की भारतात थुराया नेलास तर उतरल्या उतरल्या पोलीस नेतील. खरं आहे का हे? आणि थुराया नाही तर इरिडियम कंपनीचा? की दुसरंच काही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

बंडू_नाना | ११ नोव्हेंबर, रात्री ११:०५

मी पयला!

आमच्या पणजोबांचं गलबत रत्नागिरीहून मंगळूरला कौलं आणायला जायचं. त्यावर कोणता फोन होता? होकायंत्र आणि देव, एवढंच. तुम्ही लोक उगाच घाबरता.

---

खारावारा | ११ नोव्हेंबर, रात्री ११:१९

नाना, जी गलबतं परत आली नाहीत त्यांचे पणतू इथे प्रतिसाद द्यायला नाहीत.

---

चीफमेट_सुट्टीवर | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

बावीस वर्षं मर्चंट नेव्हीत आहे, सध्या घरी. मोठा प्रतिसाद होईल, चहा घेऊन बसा.

ओळखीच्यांनी सांगितलं ते खरं आहे. भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन नुसता बाळगणंही गुन्हा आहे, वापरणं पुढची गोष्ट. मूळ कायदे जुनेच, १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा. पण समुद्रावर हे प्रकरण तापलं ते २००८ च्या नोव्हेंबरनंतर. मुंबईवर हल्ला करणारे ज्या 'कुबेर' मच्छीमार बोटीतून आले, तिच्यावर थुरायाचा हँडसेट सापडला होता. पुढे २०१२ मध्ये डीजी शिपिंगने (जहाजवाहतूक महासंचालनालयाने) आदेश काढून भारतीय पाण्यात थुराया आणि इरिडियमच्या वापराला बंदी घातली. त्यामुळे या दोन नावांना आपल्याकडचा अधिकारी जसा दचकतो तसा दुसऱ्या कशाला दचकत नाही. आमच्या जहाजावर भारतीय बंदर जवळ आलं की एजंटचा पहिला प्रश्न असतो, "सॅटेलाइट फोन किती, कोणते, नंबर काय?" ते आधीच लिहून द्यावं लागतं.

"मी फक्त बॅगेत ठेवला होता, बंद होता" हे चालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना गार्मिनच्या इनरीचवरून पकडलं होतं. तो धड फोनही नाही, चार ओळींचा मजकूर पाठवायचं यंत्र आहे. पण आत इरिडियम आहे, संपला विषय. म्हणजे तुम्ही बोट मुंबईत सोडून विमानाने मस्कतला परत जाणार असाल, तर फोन हातातल्या बॅगेत टाकून विमानतळावर जायचं स्वप्नातही आणू नका.

रीतसर मार्ग आहे. आपल्याकडे इनमारसॅट या तिसऱ्या कंपनीच्या सेवेला मान्यता आहे. बीएसएनएल २०१७ पासून तीच सेवा देते, गेटवे (जमिनीवरचं केंद्र) गाझियाबादला आहे. पण त्यालाही दूरसंचार विभागाची परवानगी लागते, आणि जानेवारीत निघायचं असेल तर आज अर्ज केला तरी उशीरच झालाय. कागद हातात पडेपर्यंत तुमचा वारा बदलेल.

आता मुद्द्याचं, आणि हे मी कायदा नसता तरी सांगितलं असतं. तुम्ही प्रश्न चुकीच्या टोकाकडून विचारलाय. सॅटेलाइट फोन घरी "जेवलो, बरा आहे" सांगायला उत्तम. बोट बुडत असताना तो तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाची वस्तू आहे. तुमच्या बोटीवर ईपर्ब (संकटात उपग्रहाला खबर देणारं यंत्र) आहे का? व्हीएचएफ (आसपासच्या बोटींशी बोलायचा रेडिओ) कोणता आहे? डीएससीवाला, म्हणजे एका बटणावर संकटाची खबर पाठवणारा आहे का, त्यात एमएमएसआय (बोटीचा रेडिओवरचा ओळखक्रमांक) घातलाय का? याची उत्तरं द्या, मग फोनचं बोलू.

---

उनाड_वारा | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

चीफमेट, धन्यवाद, घाम फुटला.

ईपर्ब आहे, केबिनच्या दारामागे भिंतीला टांगलेला. व्हीएचएफ आहे. बाकी विचारून सांगतो. ईपर्बबद्दल जरा सोपं करून सांगाल का? लाल बटण दाबायचं, कुणीतरी येतं, एवढंच माहीत आहे.

---

व्हीयू२वाला | १२ नोव्हेंबर, दुपारी १:४०

रेडिओचा विषय निघाला की मला राहवत नाही (हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे, नावावरून कळलंच असेल).

ईपर्ब ४०६ मेगाहर्ट्झवर ओरडतो. त्याला तोंड आहे, कान नाही. कॉस्पास-सारसॅट नावाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे, १९८२ पासून लोक वाचवतेय, तिचे उपग्रह हा आवाज टिपतात आणि जमिनीवरच्या केंद्राला देतात. आपल्याकडचं केंद्र बेंगळुरूला इस्रो चालवते. तिथून खबर तटरक्षक दलाच्या शोध आणि बचाव केंद्राला जाते. अरबी समुद्राच्या आपल्या बाजूसाठी ते मुंबईला आहे. प्रत्येक ईपर्बला पंधरा अक्षर-अंकांची ओळख असते. ती ज्या देशाची, त्या देशाच्या नोंदवहीत बोटीचं नाव, रंग, मालक आणि किनाऱ्यावरच्या माणसाचा फोन नंबर असतो. बीप आला की केंद्र आधी तिकडे फोन फिरवतं: "बोट खरंच समुद्रात आहे का, की कुणी गोदीत चुकून बटण दाबलं?"

म्हणून तुमच्या ईपर्बवर दोन गोष्टी आजच बघा. बॅटरीची मुदत, आणि नोंदवहीत कुणाचा नंबर आहे.

फोनचं तंत्रही दोन ओळींत सांगतो, कारण लोक सगळ्यांना एकाच मापाने मोजतात. इरिडियमचे ६६ उपग्रह जेमतेम ७८० किमीवरून ध्रुवापासून ध्रुवापर्यंत पळत असतात. एक उपग्रह डोक्यावरून आठ-दहा मिनिटांत क्षितिजाआड जातो, मग तुमचा कॉल दुसऱ्याच्या हातात. ही देवाणघेवाण चुकली की कॉल तुटतो. पण आकाश उघडं असेल तर पृथ्वीवर कुठेही लागतो. इनमारसॅट आणि थुराया विषुववृत्तावर ३६ हजार किमीच्या आसपास एका जागी टांगलेले. तिथवर जाऊन यायला आवाजाला पाव सेकंद लागतो, उत्तराला आणखी पाव, म्हणून दोघं एकदम बोलतात आणि मग दोघं एकदम थांबतात. शिवाय अँटेना त्यांच्या दिशेने रोखून धरावी लागते. वाळवंटात गाडीच्या टपावर टेकून ते सोपं. डुलणाऱ्या बोटीत एका हाताने दोरी धरून करून बघा.

थुरायाचा आणखी एक गुण: एप्रिल २०२४ मध्ये त्यांचा तिसरा उपग्रह बंद पडला आणि आशिया-पॅसिफिकची सेवा गेली ती गेलीच. अरबी समुद्र दुसऱ्या उपग्रहाखाली येतो, तो वाचला. एकाच खुंटीवर टांगलेल्या पिशवीचं असं होतं.

---

ऑकलंडची_आत्या | १२ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

चीफमेटना पूर्ण अनुमोदन, पण फोनची बाजू मी घेते, कारण कुणीतरी घ्यायला हवी.

आम्ही दोघं दोनदा न्यूझीलंडहून फिजीला गेलोय, हजार-अकराशे मैलांची उडी. इथे झेंडा न्यूझीलंडचा असेल तर बोट तपासून घेतल्याशिवाय देशाबाहेर सोडत नाहीत, आणि संपर्काची साधनं नीट बघतात. आमच्याकडे इरिडियम होता. त्याचा खरा उपयोग बोलण्यासाठी नव्हे, हवामानासाठी झाला. वाऱ्याचा अंदाज ग्रिब नावाच्या छोट्या फाइलमध्ये येतो. त्या हँडसेटचा वेग सेकंदाला २४०० बिट, म्हणजे ३० केबीची फाइल कागदावर शंभर सेकंदांत उतरायला हवी. प्रत्यक्षात मी मांडीवर लॅपटॉप, डोक्यावर टॉवेल (स्क्रीन दिसावा म्हणून) आणि वायर तोंडात धरून पंधरा मिनिटं बसायचे. नव्वद टक्के झालं की लाइन जायची. पण दुसऱ्या फेरीत त्याच फाइलने आम्हाला दीड दिवस आधी सांगितलं की पश्चिमेकडून वादळी पट्टा येतोय. आम्ही उत्तरेला सरकून बसलो. तेवढ्यासाठी त्या डबड्याला माझा नमस्कार.

आता घरी आवाज ऐकवण्याची गोष्ट. तिसऱ्या दिवशी मी सांगलीला आईला फोन लावला. वाजला, उचलला नाही. परत लावला, कट केला. परत लावला, कट. मी बोटीच्या मागच्या कठड्याला पाय अडकवून उभी, अंगावर पाणी, मिनिटाचे पैसे चालू. शेवटी भावाला लागला. तर आईसाहेब म्हणाल्या, "८८१६ वरून कोण सारखं करतंय, ते बँक लुटणारे असणार, मी उचलत नाही!" इरिडियमचे नंबर ८८१६ ने सुरू होतात, इनमारसॅटचे ८७० ने. निघण्याआधी घरच्यांच्या फोनमध्ये नंबर नावाने साठवून द्या. आणि त्यांना सांगा, तुम्ही उलटा फोन करू नका, बिल बघून फेफरं येईल.

---

उनाड_वारा | १२ नोव्हेंबर, रात्री ९:५०

आत्या :)) माझी आईही अगदी अशीच आहे.

व्हीयू२वाला, तुम्ही सांगितलं म्हणून आज गोदीत जाऊन ईपर्ब उतरवला. बॅटरीची मुदत तीन वर्षांपूर्वी संपलेली. त्यावर कळस म्हणजे मित्राने नोंदवही उघडून पाहिली, तर संपर्काला नंबर आधीच्या मालकाच्या मेहुण्याचा! बोट विकून सहा वर्षं झाली. आम्ही बुडालो असतो आणि त्या बिचाऱ्याला रात्री दोनला फोन गेला असता: "तुमची बोट कुठे आहे?" तो म्हणाला असता, "बोट? विकली की."

---

हर्णैकर | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

मी नोकरीला पुण्यात, पण घर हर्णै बंदरावर, वडील तांडेल (बोटीचे प्रमुख) होते, चुलते अजून जातात. म्हणून थोडं मच्छीमारांच्या बाजूचं.

आमच्याकडे सॅटेलाइट फोन कुणी पाहिलेला नाही. मोबाइलची रेंज टॉवरच्या दयेवर, दहा-पंधरा मैलांपर्यंत तुटक तुटक. त्यापुढे 'वायरलेस', म्हणजे तुमचा व्हीएचएफ. बोटी जोडीने नाहीतर चार-पाचच्या घोळक्याने जातात, संध्याकाळी एकमेकांची हजेरी घेतात. दादूसला (चुलत्यांना) मी एकदा विचारलं, तुम्हाला फोन मिळाला तर बरं ना? ते म्हणाले, "फोन एकाच्याच कानात वाजतो, वायरलेस सगल्यांच्या कानात. मी बुडतोय ते तुला पुण्यात सांगून काय करू? बाजूच्या बोटीला कललं पाहिजे."

दोन वर्षांपूर्वी आमच्या बोटीचा पंखा रात्री जाळ्यात अडकला. किनारा चाळीस मैल. दादूसने वायरलेसवर नुसतं नाव आणि जीपीएसचे आकडे सांगितले. दाभोळची एक बोट सहा मैलांवर होती, तिने तासाभरात दोर टाकला. मालक एकमेकांना ओळखत नव्हते. फोन असता तर दादूसने कुणाला लावला असता? मला. आणि मी काय केलं असतं? रडलो असतो.

२०१७ च्या ओखी वादळानंतर मात्र सगळ्यांना कळलं की लांब गेलेल्या बोटीपर्यंत निरोप जायलाच हवा. वादळ केरळ-तमिळनाडूकडे उठलं, तिकडच्या कितीतरी बोटी भरकटत, आसरा शोधत आपल्या देवगडला आल्या. पुष्कळ लोक आलेच नाहीत. त्यांना वादळाची खबरच नव्हती. आता सरकारने ट्रान्सपाँडर दिलेत, इस्रोचे. पालघरला ३० ऑगस्ट २०२४ ला, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या दिवशीच त्याची सुरुवात झाली. देशभरात एक लाख बोटींना फुकट बसवायचे आहेत. ब्लूटूथने मोबाइलला जोडला की उपग्रहावरून मजकूर जातो-येतो, वादळाचा इशारा येतो, संकटाचं बटण आहे. आमच्या बोटीवर बसलाय. दादूस त्याला 'डबा' म्हणतात. पहिले काही दिवस त्यांनी तो गोणपाटाखाली झाकून ठेवला होता, कारण मासे कुठे मिळतात ते सरकारला कळेल म्हणून. सरकारला म्हणजे खरं तर शेजारच्या बोटवाल्याला.

---

खारावारा | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:४४

"सरकारला म्हणजे शेजारच्या बोटवाल्याला" 😄😄

---

चीफमेट_सुट्टीवर | १३ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

हर्णैकर, तुमच्या दादूसना माझा साष्टांग. जे आम्हाला जीएमडीएसएसच्या (समुद्रावरच्या संकट-संपर्काच्या) कोर्सला चार दिवस शिकवतात ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

याआधी इस्रोचा डॅट होता, संकट-सूचक यंत्र, २०१० पासून. बटण दाबलं की खबर जायची, पण गेली की नाही हे बोटीवरच्याला कळायचं नाही. माणूस बटण दाबून अंधारात बसून राहायचा. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या डॅटमध्ये उलटं उत्तर येतं: खबर पोचली. ऐकायला छोटी सुधारणा. पाण्यात बसलेल्याला विचारा.

---

वाचनमात्र_मी | १३ नोव्हेंबर, दुपारी १२:०२

बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. आता स्टारलिंकचं उपग्रह-इंटरनेट आलंय ना? बोटीवर ताटली लावायची, व्हिडिओ कॉल करायचा. एवढा खल कशाला?

---

चीफमेट_सुट्टीवर | १३ नोव्हेंबर, दुपारी १:१५

प्रश्न बाळबोध नाही, सध्या गोदीत सगळे हाच विचारतात. स्टारलिंकला भारतात जून २०२५ मध्ये परवाना मिळाला, पण कंपनीला परवाना मिळणं वेगळं आणि तुमच्या बोटीवर मस्कतहून आणलेली ताटली भारतीय पाण्यात चालवणं वेगळं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानजवळ म्यानमारची बोट पकडली, सुमारे सहा हजार किलो मेथ हा अमली पदार्थ, आणि सोबत स्टारलिंकचं यंत्र. तटरक्षक दलाच्या जवानाला तुमची ताटली दिसली की त्याला आधी ती बोट आठवेल, तुमची बायको नाही.

शिवाय वीज. तुमच्या ३८ फुटीवर बॅटऱ्या किती? ताटली रात्रभर चालवलीत तर पहाटे दिवे आणि एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारं यंत्र) दोन्ही मंद.

---

बंडू_नाना | १३ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

बरं, मी चेष्टा केली ती मागे घेतो. पण एक सांगा, त्या जगप्रदक्षिणेला निघालेल्या अभिलाष टॉमीकडे तर सगळं होतं ना? फोन, ईपर्ब, सगळं. तरी तीन दिवस पडून राहावं लागलं.

---

व्हीयू२वाला | १३ नोव्हेंबर, सायंकाळी ५:०८

नाना, चांगलं आठवलंत, ते प्रकरण या धाग्यासाठीच घडल्यासारखं आहे.

२०१८ ची गोल्डन ग्लोब शर्यत. एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा, आणि १९६८ सालचीच साधनं वापरायची. सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांवरून आपली जागा काढायचं यंत्र), कागदी नकाशे. फक्त सुरक्षेसाठी सॅटेलाइट फोन आणि मजकूर पाठवायचं एक छोटं यंत्र जवळ असायचं. टॉमींची बोट गोव्याला दिवाडीच्या गोदीत बांधलेली, नाव 'थुरिया' (थुराया नव्हे, गोंधळ करू नका). २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात, पर्थपासून १९०० मैलांवर, वादळात बोट उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर मार बसला. उठता येईना.

आता नीट बघा. नेहमीचा फोन निकामी. दुसरा फोन आणीबाणीच्या पिशवीत, आणि पिशवी त्याच केबिनमध्ये. पण तिथवर सरकता येईना. चालू राहिलं ते मजकूर पाठवायचं छोटं यंत्र. त्यावर तुटक तुटक शब्द गेले: बोट उलटली, डोलकाठी गेली, पाठ गेली, उठता येत नाही. आणि पुढे हेही, की पिशवीपर्यंत पोचणं कठीण आहे. ईपर्बचा बीप होताच. आपल्या नौदलाचं पी-८आय विमान मॉरिशसहून उडून वर घिरट्या घालून गेलं, आणि २४ तारखेला ओसिरिस या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचललं. तीन दिवस म्हणजे दिरंगाई नव्हे नाना, त्या पाण्यात सगळ्यात जवळचं जहाजच तेवढं लांब असतं. हाच माणूस २०२३ मध्ये तीच शर्यत पुरी करून दुसरा आला.

मूळ १९६८-६९ च्या शर्यतीतली 'सुहैली' ही बोट मुंबईत बांधलेली, सागाची. तिचा रेडिओ वाटेत बिघडला. न्यूझीलंडजवळ दिसली ती नोव्हेंबरात, त्यानंतर थेट एप्रिलमध्ये अझोर्सजवळ. मधले साडेचार महिने बोट आहे की बुडाली कुणालाच माहीत नाही. घरच्यांचा विचार करा.

उनाड_वारा, तुमचा ईपर्ब केबिनच्या दारामागे टांगलाय म्हणालात ना? झोपून हात पोचतो का, ते आज रात्री बघा.

---

संपादक | १३ नोव्हेंबर, सायंकाळी ७:००

चर्चा छान चालू आहे. "परवानगीशिवाय फोन कसा लपवून न्यावा" अशा आशयाचा एक प्रतिसाद उडवला आहे. तसे प्रतिसाद देऊ नयेत.

---

चीफमेट_सुट्टीवर | १४ नोव्हेंबर, सकाळी ७:५५

(उडवलेला प्रतिसाद मी वाचला होता. पाण्याच्या टाकीत लपवायचा म्हणे. धन्य!)

उनाड_वारा, मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगतो, बाकी मर्जी तुमची.

थुराया मस्कतला ठेवला असता. ईपर्ब नवा, नोंदणी नवी, संपर्काला असा माणूस जो रात्री फोन उचलतो आणि इंग्रजीत घाबरत नाही. पक्का बसवलेला २५ वॅटचा डीएससी व्हीएचएफ, अँटेना डोलकाठीच्या टोकाला. शिवाय हातातला एक पाणीरोधक, पिशवीत. हातातल्याचा भरवसा लहान बोटीला पाच-सहा मैल धरा, जहाज असेल तर थोडा जास्त. हे हॅमवाले नीट सांगतील. एआयएस नक्की. मुंबईच्या अलीकडे तेलविहिरींचा पट्टा आहे, प्रत्येक फलाटापासून ५०० मीटर लांब राहायचं. आणि जानेवारीत मच्छीमारांची गर्दी, जाळ्यांना रात्री नीट दिवे नसतात (हर्णैकर, रागावू नका).

१५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक मोबाइलवर लागतो. रेंज नसताना तुमच्याकडे व्हीएचएफचा १६ नंबरचा चॅनेल आहे. भारतीय पाण्यात शिरताना त्यावर स्वतःहून नाव, झेंडा, कुठून कुठे, माणसं किती हे सांगून टाका. विचारायची वाट बघू नका.

आणि घरच्यांना रोजच्या आवाजाची सवय लावू नका. रोज ठरलेल्या वेळी फोन येणार असं सांगितलंत आणि चौथ्या दिवशी बॅटरी उतरली, तर घरी काय होईल? आमच्या ओळखीच्या एका बोटीचं असंच झालं, फोन भिजला, किनाऱ्यावरच्यांनी दोन देशांना कामाला लावलं, आणि मंडळी मजेत भात शिजवत होती. "दहा दिवस काही ऐकू आलं नाही तर काळजी करू नका, बाराव्या दिवशी या नंबरला कळवा", असा कागद लिहून फ्रिजवर लावा.

---

हर्णैकर | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

रागावत नाही, दिवे नसतातच. जाळ्याच्या टोकाला बांबूवर काळा बावटा दिसला की लांबून वळसा घाला. रात्री कुणी टॉर्च हलवत असेल तर ते "ये" नसतं, "जाळं आहे, जा" असतं.

---

व्हीयू२वाला | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:००

पल्ल्याचं गणित: अँटेनाच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा, सव्वादोनने गुणा, झाले सागरी मैल. दोन्ही बोटींचं काढून बेरीज करा. तुमची डोलकाठी १५ मीटर म्हणजे पावणेनऊ, मोठ्या जहाजाची अँटेना ३० मीटरवर म्हणजे सव्वाबारा. एकवीस मैल. डोलकाठी मोडली आणि हातातला रेडिओ घेऊन तुम्ही डेकवर बसलात, म्हणजे दोन मीटर, तर तेच जहाज पंधरा मैलांवर तुम्हाला ऐकेल, तेही नशीब असेल तर. जहाज दिसतंय म्हणजे बोलता येतं, एवढं लक्षात ठेवा.

---

उनाड_वारा | ९ फेब्रुवारी, रात्री ११:३१

मंडळी, धागा वर काढतोय. पोचलो! नऊ दिवस लागले.

थुराया नेला नाही. बायकोशी त्यावरून दोन दिवस अबोला होता. शेवटी तिला हर्णैकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला, मग तीच म्हणाली, "मला फोन करून काय करणार, मी थोडीच पोहत येणार आहे." फ्रिजवर कागद लागला. ईपर्ब नवा घेतला, बायकोचा आणि मित्राच्या बहिणीचा नंबर नोंदवला. त्याची जागा बदलून जिन्याच्या पहिल्या पायरीजवळ आणली, झोपून हात पोचतो (करून पाहिलं, तिघांनीही, मित्राचा हात आखूड आहे म्हणून चार बोटं खाली घेतला).

पहिले चार दिवस ईशान्येचा वारा डाव्या गालावर, बोट नुसती आपटत होती. सहाव्या रात्री वारा पडला. समुद्र तेलासारखा सपाट, शिडं लोंबत होती. दोन वाजता माझा पहारा. एआयएसवर एक कंटेनर जहाज आठ मैलांवर, आमच्याच रोखाने. १६ वर हाक मारली. दोनदा उत्तर नाही. तिसऱ्यांदा एक झोपाळू आवाज आला, फिलिपिनो असावा. म्हणाला, दिसताय तुम्ही, मी उजवीकडे वळतो. मग आपणहून हवामान सांगितलं आणि विचारलं, "एनीथिंग एल्स, सर?" मी म्हटलं, घरी एक ईमेल टाकशील? त्याने पत्ता लिहून घेतला. एकेक अक्षर अल्फा-ब्राव्हो करत. पाच मिनिटं गेली त्यात. त्याचा दिवा क्षितिजाखाली गेला तरी मी माइक हातात धरून बसलो होतो.

मुंबईत बोट तपासायला आलेल्यांनी सॅटेलाइट फोन आहे का हे तीन वेळा विचारलं, तीन वेगवेगळ्या माणसांनी. 'नाही' लिहून सही केली. एकाने चार्टच्या टेबलाखालचा खण स्वतः उघडून बघितला, त्यात आईने दिलेले लाडू होते.

ईमेल बायकोला तिसऱ्या दिवशी मिळाला. स्पॅममध्ये होता.

---

ऑकलंडची_आत्या | १० फेब्रुवारी, पहाटे ४:१०

स्पॅममध्ये!! माझ्या आईला वाचून दाखवते हे. अभिनंदन रे बाबा, जपून राहा.

---

हर्णैकर | १० फेब्रुवारी, सकाळी ६:४०

अभिनंदन दादा. काळे बावटे दिसले का?

---

उनाड_वारा | १० फेब्रुवारी, सकाळी ९:०३

दिसले. शेवटच्या रात्री तर टॉर्चही. मित्र म्हणाला, बोलावतायत वाटतं, जाऊ या का? मी सुकाणूच हिसकावलं.

---

वाचनमात्र_मी | १० फेब्रुवारी, सकाळी ९:४१

तो थुराया विकायचा आहे का? माझा भाऊ सलालाला असतो.

---

उनाड_वारा | १० फेब्रुवारी, सकाळी १०:१५

विकायचा नाही हो, वाळवंटात लागतो. मस्कतला कपाटात आहे. निघताना चार्जिंगला लावून आलो आणि काढायचा राहिला, हे आत्ता आठवलं.